खुंटीला टांगलेले शौर्य

रायफलीच्या नळीखाली, तोंडापासून थोडे मागे, बोटाच्या पेराएवढा एक लोखंडी उंचवटा असतो. फौजेत त्याला ‘बेयोनेट लग’ म्हणतात. संगिनीची मूठ त्यात खट्‌कन बसते आणि बंदुकीचा भाला होतो. मराठीत त्याला रूढ शब्द नाही, म्हणून आपण खुंटी म्हणू. वजन काही ग्रॅम, खर्च किरकोळ. तरीही या खुंटीवरून जगभरचे आजी-माजी सैनिक, बंदुकांचे शौकीन आणि संरक्षण विषयाचे भाष्यकार वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येत आले आहेत. ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की खुंटी असून अडचण नाही आणि नसली तर एखाद्या दिवशी खोळंबा होईल. मग काढायची कशाला?

मी ‘काढा’ म्हणणाऱ्यांतला आहे. मात्र माझी तक्रार वजनाबद्दल किंवा खर्चाबद्दल नाही. खुंटी रायफलीवर राहते तेव्हा तिच्याबरोबर एक गोष्टही राहते. साधने, गोळ्या, तोफा हे सगळे ठीक, पण शेवटी लढाई जवानाच्या छातीवर जिंकली जाते, अशी ती गोष्ट. ऐकायला रोमांचक आहे. ज्यांच्याकडे साधने, गोळ्या आणि तोफा वेळेवर पोचवायचे काम असते, त्यांना ती फारच सोयीची पडते.

आपल्याकडे हा वाद रिकामटेकड्यांचा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने ७२,४०० अमेरिकी रायफलींचा करार केला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. रायफल एकदा घेतली की दोन-तीन पिढ्यांच्या जवानांच्या खांद्यावर राहते. तिच्यावर काय असावे आणि काय नसावे, हे ठरवण्याची हीच वेळ आहे.

आधी संगीन आली कशी ते पाहू, कारण वादाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली बंदूक तोंडातून भरावी लागे. उत्तम कवायत झालेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. म्हणजे एक बार उडाला की सुमारे वीस सेकंद त्याच्या हातात नुसता दांडका. त्या वीस सेकंदांत घोडेस्वार येऊन डोके उडवू शके. म्हणून सुरुवातीला बंदुकधाऱ्यांच्या बाजूला भालेवाले उभे करत. मग कुणीतरी सुऱ्याची मूठ सरळ नळीच्या तोंडात कोंबली, आणि भालेवाल्यांचा पगार वाचला. पण तोंडात बूच बसले की गोळी झाडता येईना. १६८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या किलीक्रँकीच्या लढाईत सरकारी फौजेने एक फैर झाडली, आणि ही बुचे बसवायला वेळ मिळण्याआधीच डोंगरी लोक तलवारी घेऊन अंगावर आले. फौज मोडली. त्यानंतर संगीन नळीच्या बाहेरून बसवायच्या युक्त्या रूढ झाल्या. आजची खुंटी त्याच वंशातली.

थोडक्यात, संगीन हे त्या वीस सेकंदांचे अपत्य आहे. वीस सेकंद होते तोवर तिने खरोखर लढाया जिंकल्या, हे कबूल करायला माझी हरकत नाही. तसा एक पुरावा जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीचे पायदळ दौलतराव शिंद्यांच्या तोफांसमोर चालत आले, जवळ येऊन एक फैर झाडली आणि संगिनी रोखून धावले. शिंद्यांचे गोलंदाज पळाले नाहीत. तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी त्याच तोफा मागून त्यांच्यावर डागल्या. वेलस्लीचे दीड हजारांवर लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. संगीन जिंकली खरी, पण ती का जिंकली हेही दिसते. गोलंदाजाला तोफ पुन्हा भरायला लागणारा वेळ आणि शिपायाला तेवढे अंतर धावायला लागणारा वेळ यांची ती शर्यत होती.

आजच्या रायफलीत ती शर्यतच नाही. तीस गोळ्यांचे मॅगझिन संपले तर दुसरे लावायला सरावलेल्या हाताला तीन-चार सेकंद लागतात. पन्नास मीटर धावत येणाऱ्याला तेवढ्यात पोचता येत नाही, आणि समोर एकच माणूस असेल असेही नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. संगीन म्हणजे भाला, आणि भाल्याचा सगळा गुण त्याच्या लांबीत. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ली-एनफील्ड रायफल आखूड केली, तेव्हा आपला शिपाई जर्मनापेक्षा हातभर मागे पडेल या धास्तीने १९०७ सालच्या संगिनीचे पाते तब्बल १७ इंचांचे केले. रायफल आणि संगीन मिळून पाच फुटांवर लांबी भरे. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच इंग्रजांनी आठ इंचांचा नुसता खिळा दिला, तेव्हाच खरे तर हा विषय संपला होता. आजची अमेरिकी एम-४ कार्बाइन दस्ता पूर्ण बाहेर काढून ३३ इंच भरते. तिला सात इंचांचे पाते लावले तरी साडेतीन फुटांच्या आतच. हा भाला नव्हे. हा बेढब, महाग, नाजूक दुर्बीण बसवलेला सुरा आहे. त्यात नळीच्या टोकाला वजन लटकले की गोळीचा पल्लाही हलतो. सोव्हिएत मोसिन-नागांत रायफली तर संगीन लावूनच नेमल्या जात. ती काढली की गोळी भलतीकडे जाई! आणि आता नळीच्या तोंडाला आवाज आणि ठिणगी दाबणारे सप्रेसर बसू लागले आहेत. संगिनीचे कडे जिथे अडकायचे तिथेच ते बसतात आणि चार-सहा मॅगझिने झाडली की हात लावता येणार नाही इतके तापतात. एका खुर्चीवर दोघे बसू शकत नाहीत.

यावर ‘ठेवा’वाल्यांचे खरे, वजनदार उत्तर असते. ते म्हणतात, संगीन भोसकण्यासाठी नसतेच, ती भिववण्यासाठी असते. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात असे आधी वाटत नाही. अमेरिकी यादवीत उत्तरेच्या वैद्यकीय दप्तरात सुमारे अडीच लाख जखमांची नोंद आहे आणि त्यांत संगीन व तलवार मिळून जखमा हजारभरही नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश इस्पितळांच्या नोंदींत संगिनीच्या जखमा अर्धा टक्काही भरत नाहीत. भोसकलेला माणूस इस्पितळापर्यंत पोचतच नाही, ही शंका रास्त आहे, पण तिने एवढी मोठी दरी भरून निघत नाही. खरे कारण असे, की लखलखती पाती येताना दिसली की समोरचा बहुधा पळतो. म्हणजे संगिनीचे काम जखमांच्या नोंदीत दिसणारच नाही. हा मुद्दा मला मान्य आहे. १८६३ साली गेटिसबर्गला गोळ्या संपल्यावर चेंबरलेनच्या मेनवाल्या पलटणीने टेकडीवरून संगिनी लावून उडी घेतली आणि दमलेले दक्षिणी सैनिक शरण आले. १९५१ मध्ये कोरियात कॅप्टन लुईस मिलेटच्या कंपनीने एक टेकडी अशीच घेतली. १९८२ मध्ये फॉकलंडच्या टंबलडाउन डोंगरावर रात्रीच्या अंधारात स्कॉट्स गार्ड्स संगिनींनी लढले. २०११ मध्ये अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतात लान्स कॉर्पोरल शॉन जोन्सने छाप्यात सापडल्यावर संगीन लावून उघड्यावरून चढाई केली. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

ही उदाहरणे खोडून काढायची मला गरज नाही. गंमत अशी, की अडीचशे-तीनशे वर्षांतून निवडून काढलेली ही यादी कुठल्याही देशातल्या ‘ठेवा’वाल्याला विचारा, थोड्याफार फरकाने हीच निघते. हेल्मंडमधला शत्रू पात्याला घाबरला की पात्यामागून गोळ्या झाडत धावत येणाऱ्या माणसांना, हे सांगता येणार नाही. मला विचाराल तर माणसांना.

आणि हातघाईच्या लढाईत माणूस काय करतो, याचे सगळ्यांत बोलके मराठी उदाहरण संगिनीचे नाहीच. रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीतल्या या तरुण नाईकाची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात मेली किंवा जायबंदी झाली. ते एकटे धावत गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीला धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना मारले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगनला संगीन लागत नव्हती. ती नसल्याने घाडग्यांचे काही अडले नाही. त्यांना त्या दिवशी उणीव होती ती त्या नेमबाजांवर मारा करून त्यांना झाकणाऱ्या आणखी एका बंदुकीची. मानपत्रात शौर्य लिहिले जाते. त्या शौर्याची वेळ का आली, ते लिहायला त्यात रकाना नसतो.

हा रकाना रेझांग लाच्या बाबतीत तर आपण कधी भरलाच नाही. १८ नोव्हेंबर १९६२. चुशूलजवळ सोळा हजार फुटांवर १३ कुमाऊँची एक कंपनी, मेजर शैतान सिंग, सुमारे १२० जवान, त्यांतले ११० हून अधिक तिथेच पडले. काहींनी गोळ्या संपल्यावर हातांनी झुंज दिली, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि ऐकताना ऊर भरून येतो. येऊ द्या. पण त्याच वेळी हेही ऐकायला हवे, की त्यांच्या हातात प्रत्येक गोळीनंतर खटका मागेपुढे करायच्या जुन्या .३०३ रायफली होत्या. मध्ये डोंगराचा कणा आल्याने आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोचू शकत नव्हता. त्या थंडीला साजेसे कपडे पुरेसे नव्हते. फेब्रुवारीत एका मेंढपाळाला ते मृतदेह दिसले, तेव्हा अनेकांच्या हातांत शस्त्रे तशीच गोठलेली होती. त्या .३०३ वर खुंटी होती. सगळ्या वस्तूंच्या यादीत तीच तेवढी कमी पडली नव्हती.

संगिनीच्या गौरवगाथा वाचताना मी आता सवयीने एक गोष्ट शोधतो: गोळ्या का संपल्या? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते आणि ते जवानाच्या हातातले नसते. तरीही गाथेत ते एका वाक्यात उरकले जाते, आणि पात्याच्या चकाकीला परिच्छेद मिळतात.

मग गलवानचे काय, असे आता विचारले जाते. १५ जून २०२० च्या रात्री वीस भारतीय जवान एकही गोळी न सुटता मारले गेले. काठ्या, दगड, खिळे ठोकलेले दांडके. ‘पाहा, हातघाईची लढाई परत आली, संगीन हवीच’ असे तेव्हापासून अनेकांनी लिहिले. यापेक्षा उलटा निष्कर्ष काढणे कठीण आहे. गलवानला जवानांकडे रायफली होत्या. तसे परराष्ट्रमंत्र्यांनीच सांगितले होते. प्रत्यक्ष ताबारेषेजवळ गोळी झाडायची नाही, हा १९९६ चा करार आणि चकमकीत बंदुकीला हात घालायचा नाही ही प्रथा, म्हणून त्या वापरल्या गेल्या नाहीत. जिथे रायफल पुढे करणे हाच भडका, तिथे रायफलीला पाते लावून पुढे करणे हा शहाणपणा कसा? शिवाय धक्काबुक्कीत पुढे केलेली रायफल ओढली जाते, आणि मग ती कुणाच्या हातात असेल याचा नेम नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर्व लडाखमधली चिनी सैनिकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यांच्या हातांत लांब दांड्यांना बसवलेली पाती होती. ज्यांना खरोखर भाला हवा होता, त्यांनी भाला बनवला. रायफल त्यांच्याकडेही होती. तिच्या टोकाला सुरी लावून निघावे, असे त्यांना वाटले नाही. गलवानसारख्या ठिकाणी ढाल, शिरस्त्राण, अंगरक्षक जाकीट, दंडुका लागतो, आणि ते सगळे रायफलीच्या बाहेरचे आहे.

खुंटीचा एक उपयोग मात्र चालू आहे आणि त्याबद्दल ‘ठेवा’वाले फारसे बोलत नाहीत. पाते शत्रूला भिववते की नाही याबद्दल वाद होईल, पण निःशस्त्र माणसाला ते नक्की भिववते. १९३७ मध्ये नानकिंगला जपानी फौजेने बांधलेल्या कैद्यांवर संगिनीचा सराव केला. मे १९७० मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या केंट विद्यापीठात नॅशनल गार्ड विद्यार्थ्यांवर संगिनी लावून चालून गेले आणि नंतर गोळीबारात चौघे मेले, ते जगाला ठाऊक आहे. चारच दिवसांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात तशाच संगिनींनी अकरा जण भोसकले गेले, हे फारसे कुणाला आठवत नाही. पाते उलट्या बाजूलाही वळते, हे खरे. १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवण्यासाठी छत्रीधारी सैनिकांनी गोऱ्या जमावापुढे संगिनीच रोखल्या होत्या. त्या दिवशी मीही त्या सैनिकांच्याच बाजूने असतो. पण हेतू चांगला असो की वाईट, चारही ठिकाणी पात्यासमोर सैन्य नव्हते. मराठीत ‘संगिनीच्या धाकाखाली’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुका आणि जबान्या यांच्यासंदर्भात वापरतो, लढायांच्या नव्हे. भाषेला कळलेले आहे.

अमेरिकेतली या खुंटीची आणखी एक कथा करमणुकीची आहे. १९९४ च्या कायद्यात सामान्य नागरिकाला कुठल्या रायफली विकू नयेत हे ठरवताना ज्या खुणा मोजल्या गेल्या, त्यांत ही खुंटीही होती. कारखान्यांनी ती कानस मारून उडवली आणि तीच रायफल पुन्हा विकायला ठेवली. २००४ साली कायद्याची मुदत संपली, तशी खुंटी परत आली. त्या दहा वर्षांत खुंटीवाल्या रायफलीने कुणी कुणाला भोसकत सुटले होते म्हणून नव्हे, तर ती ‘फौजी’ दिसते म्हणून तिला बंदी होती. आणि ती फौजी दिसते म्हणूनच लोकांना ती हवीही होती. दोन्ही बाजूंना खुंटीचे खरे काम अचूक कळले होते. ते दिसण्याचे आहे.

शेवटचा बचाव प्रशिक्षणाचा. पोत्यात संगीन खुपसताना ओरडायला लावले की पोरांच्या मनातली भीड चेपते, त्वेष जागा होतो, असे सांगतात. पहिल्या महायुद्धात मेजर कॅम्पबेल नावाचे ब्रिटिश अधिकारी याच विषयावर गावोगाव व्याख्याने देत. १९१६ मध्ये कवी सिगफ्रिड ससूनने त्यांतले एक ऐकले होते. त्याच सुमारास त्याने संगिनीवर एक कविता लिहिली. ती शौर्याची की उपहासाची, यावर वाचक अजून भांडतात. त्वेष हवा असेल तर हवा, मी सैनिक नाही आणि त्या गरजेला हसणार नाही. पण त्यासाठी पोते, काठी, लाकडी बंदूक आणि चांगला उस्ताद पुरतो. २०१० मध्ये अमेरिकी लष्कराने लेफ्टनंट जनरल मार्क हर्टलिंग यांच्या देखरेखीखाली नवशिक्यांच्या प्रशिक्षणातून संगिनीची कवायत काढली आणि तो वेळ आजच्या लढाईला लागणाऱ्या गोष्टींना आणि हातघाईच्या कुस्तीला दिला. त्यांच्याच मरीन कोअरने ती ठेवली. दोघांपैकी कुणाचा त्वेष आटल्याचे ऐकिवात नाही.

कवायतीचा प्रश्न वेगळा, आणि तिथे मी आनंदाने माघार घेतो. सलामीच्या वेळी एका रेषेत चमकणारी पाती मलाही आवडतात. लंडन शहरात संगिनी लावून, निशाण फडकवत, ढोल वाजवत जाण्याचा मान काही पलटणींना परंपरेने आहे, तो त्यांनी खुशाल मिरवावा. त्यासाठी मानवंदनेच्या तुकड्यांना शे-पाचशे जुन्या रायफली पुरतात. घोडदळाचे घोडे आपण असेच ठेवले आहेत आणि रणगाड्याला लगाम बसवा असे कुणी म्हटलेले नाही.

‘संगीन’ हा शब्द फारसी ‘संग’ म्हणजे दगडावरून आला, आणि मराठीत त्याचा अर्थ भक्कम, पक्का असाही आहे. संगीन बांधकाम, संगीन पुरावा. पुढच्या रायफलीची निविदा निघेल तेव्हा खुंटीची ओळ खोडून त्या जागी अशी काही संगीन मागणी लिहावी: प्रत्येक जवानामागे सरावासाठी वर्षाला किती गोळ्या, उंचीवरच्या चौकीत किती दिवसांचा साठा, किती रात्र-दुर्बिणी, आणि यांपैकी काही पोचले नाही तर कुठल्या अधिकाऱ्याने लेखी उत्तर द्यायचे. तो रकानाही त्याच कागदावर छापून घ्यावा.